तंबूतली बाळंतीण

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत ज्यांनी घातली, त्यांच्या काळात जावयांकडे गाड्या नव्हत्या. आमचे जावई दर शनिवारी पुण्याहून नाशिकला हजर. बाळाला बघतात, वरणभात जेवतात आणि तासाभरात खिडकीशी जाऊन उभे राहतात. माणूस गडकोट हिंडणारा, भिंती दिसल्या की घुसमटतो. मे संपत आला होता. नातीची दहा आठवड्यांची लस टोचून झाली होती, तापही येऊन गेला होता. आणि जावई खिडकीतून वळून म्हणाले, "आई, भंडारदऱ्याला काजवे आलेत."

मी म्हटलं, "येऊ देत की."

"आपण जाऊ या. एकच रात्र. तळ्याकाठी तंबूत."

लेकीचा चेहरा असा उजळला की तेवढा तो डिंकाच्या लाडवांनीही उजळला नव्हता. आमचे हे पेपरमागून म्हणाले, "जा, जा. घर मी बघतो." हे घर बघतात ते फक्त असल्याच वेळी.

मी आपली बाजू मांडून पाहिली. नुकत्या जन्मलेल्या बाळाला २० ते ३० सेंटीमीटरवरचंच काय ते नीट दिसतं. अडीच महिन्यांत नजर थोडी लांब पोचत असेल, पण तरी काजव्याने हिच्या नाकावर येऊन बसायला हवं. जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला, पण घरात माझा तास कुणी बसून ऐकत नाही. लेक म्हणाली, "डॉक्टरांना विचारलंय. डास आणि ऊन सांभाळा, बाकी खुशाल न्या म्हणाले." डॉक्टरांना विचारलंय, याचा अर्थ सगळं ठरलंय आणि आईला फक्त डबे भरायचेत.

माझ्या बाळंतपणात मला सव्वा महिना उंबरठा ओलांडू दिला नव्हता. खिडकी बंद, फटींत कापडाचे बोळे, खाटेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपाची धुरी, कानाला फडकं. कशासाठी, तर वारं लागेल. लेकीने पहिल्याच दिवशी या सगळ्याला नकार दिला. पंखा लावला, खिडक्या उघडल्या, माळ्यावरची शेगडी उतरूच दिली नाही. "आई, ती काय बाळंतिणीची खोली होती? अंधारकोठडी होती ती!" मला त्यात खोट काढता आली नाही.

तर सामान. जावयांचं तत्त्व असं की, पाठीवर मावेल तेवढंच न्यायचं. ते आम्हाला ऐकवताना त्यांच्या हातात लंगोटांचं गाठोडं होतं. मग दुपटी आली, टोपडी, मेणकापड, डायपरचं पुडकं, ओल्या पुसण्यांची पाकिटं, थर्मास, वाटी-चमचा, छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी, बाळंतिणीसाठी अळिवाचे लाडू, आणि एक मोठा गुलाबी प्लास्टिकचा टब. टब कशाला, असं मी विचारलं. "आंघोळीला," लेक म्हणाली. टब डिकीत मावेना, तेव्हा तो माझ्या मांडीवर आला. त्यात लाडवांचा डबा आला. नाशिक ते घोटी मी गुलाबी टबावरून हिरवं जग पाहिलं, म्हणजे त्यातलं जेवढं मे महिन्यात हिरवं असतं तेवढं.

नाशिक-भंडारदरा साधारण ७० किलोमीटर. घोटीपासून रस्ता आत वळतो, बारीपाशी कळसूबाई डाव्या-उजव्या बाजूंना लपाछपी खेळते आणि मग शेंडी येतं. जावई माहिती देत होते : कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, विल्सन धरण प्रवरेवरचं, १९२६ साली पूर्ण झालेलं. कुजबुजून देत होते, कारण बाळ उलट्या तोंडाच्या खुर्चीत झोपलं होतं. शेंडीत चहाला गाडी थांबवली आणि एका सेकंदात भोंगा सुरू झाला. गाडी हलली, भोंगा बंद. पुन्हा थांबवून पाहिली. पुन्हा भोंगा. चहा राहिला.

आमचा तळ तिथून जवळच होता. पण लेक म्हणाली, "आत्ता कुठे झोपलीये. जरा पुढे जाऊन येऊ या." धरणाच्या पाण्याला वळसा घालणारा रस्ता आहे, तो आम्ही अख्खा केला. घाटघर झालं, साम्रद झालं. साम्रदला सांधण दरी आहे. लोक ती बघायला कुठून कुठून येतात, आम्ही तिच्या पाटीला हात केला. रतनवाडीला अमृतेश्वराचं प्राचीन मंदिर. मी टबावरूनच हात जोडले. जावयांना रतनगड दिसला तेव्हा त्यांचा पाय क्षणभर ब्रेककडे गेला, पण आरशात लेकीचे डोळे दिसले आणि तो परत आला. फिरून शेंडी आली तेव्हा टपरीवाल्याने आम्हाला ओळखलं.

तंबू निळा होता. त्याच्या पिशवीवर चार माणसांचा असं छापलेलं होतं. ती चार माणसं कोण होती देव जाणे. मी वाकून, मग रांगून आत शिरले. आत काळोख. वारा नाही. दिवसभराचं ऊन साठलेलं. मान ताठ केली की डोक्याला कापड लागतं. तळ्यावरून गार झुळूक सुटली होती म्हणून लेकीने कानाभोवती ओढणी गुंडाळली आणि बाळाला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली. मी बघतच राहिले. कोपरा तोच, फडकं तेच, अंधार तोच. फक्त शेगडी तेवढी नव्हती. तेवढ्यात बाहेर तळवाल्यांनी शेकोटी पेटवली आणि धुराचा लोट आत आला. सव्वा महिना टाळलेली बाळंतिणीची खोली तिने माणशी दर भरून घेतली होती, रात्रीच्या जेवणासकट. मी काही बोलले नाही. लाडू पुढे केला.

जेवण मात्र उत्तम. चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा. बाळंतिणीने ठेचा खाऊ नये, असं मी म्हणेपर्यंत तिने खाल्ला होता.

शेजारच्या तळावर कुणाचा तरी वाढदिवस होता. गाणी अशी वाजत होती की पाण्यावर तरंग उठावेत. बाळ त्यात गाढ झोपलं. कुणी केकवर फटाका लावला, झोपलेलंच. आणि मग जावयांनी तंबूची चेन उघडायला घेतली. चेनचा आवाज तो काय! पण पहिल्या चार दातांतच बाळाच्या मुठी वर गेल्या. जावई थिजले. मग पुढची चेन त्यांनी एकेक दात सोडवत उघडली. दोन बोटांत पट्टी, दुसऱ्या हाताने कापड ताणून धरलेलं, श्वास रोखलेला; एक दात, थांब, कानोसा, पुढचा दात. भला मोठा माणूस गुडघे टेकून आणि चेनला नाक लावून बसला होता. पूर्ण उघडायला किती वेळ लागला ते घड्याळात दिसलं नाही, कारण घड्याळाचा दिवा लावायला बंदी होती.

ही बंदी काजव्यांसाठी. पांढऱ्या उजेडाने त्यांची लय बिघडते, म्हणून विजेरीला लाल जिलेटीन गुंडाळायचं. जावयांनी ते इमानदारीने गुंडाळलं होतं. त्याच लाल उजेडात डायपर बदलायची वेळ आली. आता, अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी असते, आणि लाल उजेडात पिवळं आणि पांढरं सारखंच दिसतं. दोन्हींवरून लाल प्रकाश परत येतो. आठवीच्या वर्गाला हे शिकवताना मी पिवळा आणि पांढरा खडू वापरत असे. जावई "झालं, स्वच्छ!" म्हणाले तेव्हा मला खडूंची आठवण झाली. स्वच्छ काय झालं नव्हतं, ते सकाळी कळलं : एक दुपटं, त्यांची बाही, माझी उशी आणि लाडवांच्या डब्याचं झाकण.

काजवे बघायला कुणी जायचं यावर नवराबायकोत "तू जा, तू जा" झालं आणि शेवटी मलाच पिटाळलं. तळावरचा एक मुलगा पुढे, आम्ही दहाबारा जण मागे, अंधारात एकमेकांच्या खांद्याला धरून. हिरड्या-बेहड्यांची झाडं, एक मोठा सादडा. आधी काहीच नाही. मग एका फांदीवर ठिणगी, मग दुसरी, आणि बघता बघता सगळं झाड एकदम पेटलं, एकदम विझलं. पुन्हा पेटलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उजेडाची लाट चढत गेली आणि पलीकडच्या झाडाने ती उचलली. मी हे पुस्तकातून शिकवलं होतं. पुस्तकात काही नसतं. शेजारच्या बाई नकळत माझा हात धरून उभ्या होत्या.

तशी ही मंडळी आयुष्याचा बराच भाग अळी होऊन गोगलगायी खाण्यात घालवतात. पंख फुटले की हाती जेमतेम दोन-तीन आठवडे, आणि तेवढ्यात नरांनी लुकलुकत हिंडून मादी गाठायची. म्हणजे ही सगळी रोषणाई लग्न जमवण्यासाठी. पुढे रात्री दोनला लाल उजेडात काय पुसावं लागतं, हे त्यांना कुणी सांगत नसावं, नाहीतर झाडं अंधारीच राहिली असती.

नेमकी त्या सादड्याखालीच रेंज होती. माझ्या फोनवर गणपतीची आरती वाजली, पडदा लखलखला आणि झाड विझलं. दहाबारा माणसांनी मिळून 'श्शऽऽ' केलं. फोनवर जावई. "आई, ग्राइप वॉटर कुठे आहे?"

"ग्राइप वॉटर नको म्हणालेत ना डॉक्टर!"

"हो, म्हणूनच विचारतोय. मी आत्ता हात घातला तर तीच बाटली लागली. तुम्हीच आणलीत ना?"

पदराखाली फोन धरून मी लाइट गेल्याचं कारण सांगितलं आणि ठेवून दिला.

सकाळी जावई टबाला कोमट पाणी घालत होते. चुलीपाशी भाकऱ्या थापणाऱ्या मावशी उठल्या, पाट ओढला, लुगडं गुडघ्यांपर्यंत सारून पाय लांब केले आणि "आण इकडं" म्हणून बाळाला पायांवर पालथं घेतलं. धुरकट वासाचं पाणी, तांब्याची संथ धार, पाठीवर सपसप हात. रात्रभर ताणलेली ती एवढीशी कुडी लोण्यासारखी सैल पडली. टबात जावयांनी ओले बूट ठेवले.

"नाशकाला घर हाय ना तुमचं?" मावशींनी विचारलं.

"आहे की."

"चांगलं हाय?"

"चांगलं आहे. चार खोल्या आहेत."

त्यांनी आणखी एक तांब्या घातला. "मंग हितं कशाला निजलात?"

जावई त्यांना निसर्गाचं महत्त्व सांगायला बसले. मावशींनी ऐकून घेतलं आणि बाळाच्या बेंबीत तेल सोडलं.

परतीच्या वाटेवर बाळ शेंडीलाच झोपलं ते थेट नाशिक. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी जरा मंदावली तशी ओठ वाकडे व्हायला लागले. मग काय, कॉलनीला चकरा. गॅलरीत आमचे हे उभे. पहिल्या फेरीला त्यांनी हात केला, दुसऱ्या फेरीला कप दाखवून चहाची खूण केली, तिसऱ्या फेरीला आत निघून गेले.

जावयांचा मूड मात्र झकास. "आई, पाऊस संपला की ऑक्टोबरात हरिश्चंद्रगड करू या."

मी म्हटलं, "अहो, तेव्हा ती रांगायला लागलेली असेल."

"मग तर उत्तमच," ते वळण घेत म्हणाले. "अर्धा गड ती स्वतः चढेल."