आप्पाचं प्लास्टर

पिंट्या दिवाळीला अमळनेरला आला की कट्ट्यावर काहीतरी नवीन सोडतोच, मागच्या वेळी डाएट होतं, यंदा पर्सनॅलिटी टाइप. पुण्यात एचआरला आहे, हे आम्ही विचारत नाही, तोच सांगतो.

"भो, मी आयएनटीजे आहे. कोअर टाइप जन्माचा असतो, बदलत नाही."

"आयटीआयमधला ट्रेड आहे का हा?" दिल्या.

मग सोळा टाइप, चार अक्षरं (त्यातलाच एक आयएनटीजे), मानसशास्त्रज्ञ युंगचं १९२१ चं पुस्तक आणि ते वाचून अमेरिकेतल्या ब्रिग्ज-मायर्स या मायलेकींनी काढलेली टेस्ट, सगळं कटिंग गार होईपर्यंत ऐकलं. माझं बीएचं मानसशास्त्र उगाच फुरफुरलं. म्हटलं, मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स पण १८९० मध्ये लिहून गेलाय की तिशीपर्यंत बहुतेकांचा स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो, परत मऊ होत नाही.

झालं. आप्पाचा धंदाच बांधकामाच्या ठेक्यांचा.

"प्लास्टर बदलत नाही? दोन पावसाळे जाऊ दे, ओल धरते, पोपडे सुटतात. त्या साहेबाने भिंत कधी थापली होती का?"

मी सांगत होतो की नंतरच्या अभ्यासांत वय वाढतं तसा माणूस सरासरीने जबाबदार होतो, चिडचिड कमी होते, तर दिल्या म्हणे माझ्या बापाला भेट एकदा.

"पिंट्या, गॅदरिंगला तू स्टेजमागे लपला होतास, आता दोनशे लोकांना ट्रेनिंग देतोस ना?" आप्पा.

"ते बिहेवियर आप्पा, कोअर नाही."

"म्हणजे बदललं की बिहेवियर, नाही बदललं की कोअर. मंग तुनं कधी चुकसच नही भो!"

मी म्हटलं, खरं सांगायचं तर गडबड त्या टाइपच्या डब्यांतच आहे, एखाद्या गुणात शंभरात एक्कावन्नवाला एका डब्यात, एकोणपन्नासवाला दुसऱ्या, आणि बहुतेक माणसं असतात मधेच, म्हणून तर काही आठवड्यांनी परत टेस्ट दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. हे ऐकून पिंट्या पेटला, फोन काढला, घ्या म्हणे आत्ता परत टेस्ट. फोन दिल्याने हिसकला आणि मोठ्याने वाचायला लागला.

"दिलेला शब्द तुम्ही वेळेवर पाळता का?"

कट्टा शांत. सगळ्यांना एकच आठवलं, तीन वर्षांपूर्वीची आप्पाच्या मळ्यातली भरीत पार्टी. वांगी आप्पाची, भाजायला कपाशीच्या काड्या दिल्याने वाहिल्या, कळण्याच्या पुऱ्या आमच्या घरून, आणि पिंट्याची दोनशे रुपये वर्गणी "पुण्याला पोचलो की पाठवतो."

"गाडी लेट असेल रे," आप्पा म्हणाला, "भुसावळला थांबली असेल."

दिल्याने हसता हसता "अजिबात नाही"वर असं बोट दाबलं की फोन सटकून थेट आप्पाच्या चहात. टाइप कोणता आला ते राहूनच गेलं. पिंट्या बनियनने फोन पुसत म्हणाला, "आता ते दोनशे विसरा."