बेटाडिन पिऊ नका, दूतावासात नाव नोंदवा

आखातात जरा काही पेटलं की एक मेसेज झोपेतून जागा होतो. 'आखातातील सर्व मराठी बांधवांसाठी अतिमहत्त्वाचे', वर चार लाल दिवे आणि खाली 'दूतावासातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडून'. अधिकाऱ्याचं नाव अर्थातच नाही. यावेळी तो माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिचा मुलगा कतारमध्ये, दोहात, एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. मावशीचा फोन आला, "अरे, त्याला बेटाडिन किती चमचे घ्यायला सांगू?" एरवी असल्या मेसेजांच्या नादी मी लागत नाही, पण आता लागणं भाग आहे.

मेसेजचा सारांश असा: इराणच्या अणुकेंद्रावर हल्ला झाल्याची बातमी आली की लगेच बेटाडिन पाण्यातून घ्या, ते नसेल तर आयोडीनयुक्त मीठ जास्त खा. दूतावासात नाव नोंदवू नका, कारण यादी कंपनीला कळते आणि विमानाचं बिल नंतर घरी येतं. मोबाईल बंद ठेवा, क्षेपणास्त्र लोकेशनवरून येतं. स्फोट ऐकू आला की थेट विमानतळ गाठा. पासपोर्ट कंपनीकडे असेल तर आधी तो ताब्यात घ्या.

बेटाडिनपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं ऐकून माणूस फार तर अडकेल, हे ऐकून दवाखान्यात जाईल. बेटाडिन हे जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध आहे. बाटलीवर 'फक्त बाह्य वापरासाठी' असं छापलेलं असतं, ते शोभेला नाही. पोटात गेलं तर आतड्याला इजा होते, मूत्रपिंडापर्यंत त्रास जाऊ शकतो.

आता मिठाचा हिशोब. अणुअपघातात देतात ती पोटॅशियम आयोडाइडची गोळी मोठ्या माणसासाठी १३० मिलिग्रॅमची असते, त्यात आयोडीन साधारण १०० मिलिग्रॅम. आयोडीनयुक्त मिठात किलोमागे आयोडीन असतं फार तर ३० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका गोळीची बरोबरी करायला तीन किलोहून जास्त मीठ एका बैठकीत खावं लागेल. त्याच्या कितीतरी आधी मीठच जिवावर उठेल. मेसेज लिहिणाऱ्याला त्रैराशिक आलं असतं तरी हा मुद्दा त्यानं गाळला असता.

आणि गोळी तरी कशासाठी असते? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली यावर सविस्तर मार्गदर्शन काढलंय, ते स्पष्ट आहे. ही गोळी फक्त थायरॉईड ग्रंथीला वाचवते, आणि तेही फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून. इतर कुठल्याही किरणोत्सारापुढे तिचा उपयोग शून्य. घ्यायची वेळ म्हणजे किरणोत्साराशी संपर्क येण्याच्या आधीचे २४ तास ते नंतरचे दोन तास. फार तर आठ तासांपर्यंत काही फायदा होतो, २४ तास उलटून गेल्यावर घेतली तर फायद्यापेक्षा अपायच जास्त. चाळिशीपुढच्यांना तिचा लाभ कमी. आणि प्रशासनानं सांगितल्याशिवाय ती घ्यायचीच नाही. टीव्हीवर बातमी दिसली म्हणून तर नाहीच.

शिवाय किरणोत्सारी आयोडीन तयार होतं चालू अणुभट्टीत. इराणमधली नतान्झ आणि फोर्दो ही युरेनियम समृद्ध करण्याची केंद्रं आहेत, अणुभट्ट्या नव्हेत. २२ जून २०२५ ला अमेरिकेनं फोर्दो, नतान्झ आणि इस्फहानवर बॉम्ब टाकले, तेव्हाही केंद्रांच्या बाहेर किरणोत्सार वाढल्याची नोंद नाही, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं त्याच दिवशी सांगितलं होतं.

एवढं मात्र मान्य करतो की भीती अगदीच हवेतली नाही. इराणच्या आखाती किनाऱ्यावर बुशेहरला चालू अणुभट्टी आहे, आणि ती तेहरानपेक्षा कुवेत आणि दोहाला जवळ आहे. त्याच समुद्राचं पाणी गोडं करून निम्मं आखात पितं. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर पोलंडनं दीड कोटीहून अधिक लोकांना आयोडीन दिलं होतं, हेही खरं. पण ते सरकारनं ठरवून, मोजून दिलं होतं. कुणी खोलीत बसून चमच्यानं बेटाडिन प्यायलं नव्हतं.

आता दूतावासाचं. हा मुद्दा बेटाडिनइतका हास्यास्पद नाही, म्हणून जास्त लोक त्यावर विश्वास ठेवतात. लोकांना बाहेर काढायचं असतं तेव्हा हवाई हद्द बहुतेक वेळा बंदच असते, म्हणून वाट दुसऱ्या देशातून काढावी लागते. १९९० मध्ये कुवेतमधले लाखाहून अधिक भारतीय रस्त्यानं जॉर्डनच्या अम्मानला गेले आणि तिथून विमानात बसले. २०२२ मध्ये 'ऑपरेशन गंगा'त युक्रेनमधली भारतीय मुलं पोलंड, रोमानिया, हंगेरीतून आली. २०२३ मध्ये सुदानमधली भारतीय माणसं पोर्ट सुदानहून सौदीतल्या जेद्दाला नेली. जून २०२५ च्या 'ऑपरेशन सिंधू'त पहिले ११० विद्यार्थी इराणमधून आर्मेनियात आणि तिथून दिल्लीला आले. परक्या देशाच्या सीमेवरून माणसं न्यायची तर नावं आणि पासपोर्ट नंबर आधी द्यावे लागतात. बसमध्ये किती जागा लागतील, कोण आजारी आहे, कुणाजवळ लहान मूल आहे, हे यादीवरूनच ठरतं. यादीत नसलेल्या माणसाला शोधायला कुठलं खातं दारोदार फिरणार? आणि ही यादी कंपनीसाठी नसते. घरी परतायची सोय विचारली म्हणजे राजीनामा दिला असं होत नाही.

बिलाचं म्हणाल, तर 'गंगा' आणि 'सिंधू' या दोन्ही मोहिमांचा विमानखर्च सरकारनं केला. कोविडमधल्या 'वंदे भारत' उड्डाणांना तिकीट काढावं लागलं होतं हे खरं आहे, आणि ही अफवा तिथूनच निघाली असावी. पण तिथेही लोकांनी तिकिटाचे पैसे आधी भरले होते. नंतर घरी बिल आलं, हा मेसेजवाल्याचा स्वतःचा शोध.

मोबाईल बंद ठेवणं म्हणजे इशारा, दूतावासाची सूचना आणि आईचा फोन, तिन्ही बंद. लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र ठरलेल्या ठिकाणावर सोडलेलं असतं. एसी मेकॅनिकचा फोन शोधत ते येत नाही. फोनची भीती बाळगायचीच असेल तर वेगळ्या कारणासाठी बाळगा. हल्ल्याचे व्हिडिओ आणि अफवा पुढे ढकलणं आखातात महागात पडतं. यूएईच्या २०२१ च्या सायबर कायद्यात अफवा पसरवण्याला किमान एक वर्ष कैद आणि एक लाख दिरहम दंड आहे, संकटकाळात दोन्ही दुप्पट. हाच मेसेज दुबईतून फॉरवर्ड करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

विमानतळाचा सल्ला तर एका ओळीत निकाली निघतो. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी कतारमधल्या अमेरिकेच्या अल उदेद हवाई तळावर इराणची क्षेपणास्त्रं आली, त्याआधीच कतारनं हवाई हद्द बंद केली होती. भारतीय दूतावासानं लोकांना घरातच थांबायला आणि स्थानिक प्रशासनाचं ऐकायला सांगितलं. त्या वेळी जो टॅक्सी करून विमानतळाकडे निघाला असेल, तो उघड्या रस्त्यावर होता. आतली खोली, खिडकीपासून लांब, वरचे मजले आणि गच्ची सोडून; एवढंच करायचं असतं.

पासपोर्टचा मुद्दा तेवढा बरोबर आहे, पण वेळ चुकलीय. कतारच्या २०१५ च्या कायद्यानुसार कामगारानं स्वतः लेखी मागणी केल्याशिवाय कंपनीला त्याचा पासपोर्ट ठेवून घेता येत नाही, दंड २५ हजार रियालपर्यंत आहे. तो मागायचा शांततेच्या दिवसांत. सायरन वाजल्यावर ऑफिसचं कपाट उघडून द्यायला कुणी बसलेलं नसतं. पहिल्या पानाचा फोटो घरच्या माणसाकडे पाठवून ठेवा. पासपोर्ट मिळालाच नाही तर दूतावास भारतात परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र देतो, आणि त्या फोटोवरून ओळख पटवणं सोपं जातं.