लाइट आली, सर्व्हर नाही

लाइट गेली की घरात सर्व्हर ठेवणारा माणूस निवांत असतो. धास्ती असते ती लाइट येण्याची. पंखा फिरायला लागतो, फ्रीज गुरगुरतो आणि स्वयंपाकघरातून आई ओरडते, "अरे, नेट गेलंय बघ!"

नेट जागेवरच असतं. माझ्या सर्व्हरवरचा पाय-होल, म्हणजे जाहिराती अडवणारा प्रोग्राम, उठलेला नसतो. जाहिराती अडवायच्या म्हणून घरभरची डीएनएसची (कुठल्या साइटचा पत्ता काय, याची) विचारपूस मी त्याच्याकडे सोपवली. आता तो झोपला की कुणाला क्रिकेटचा स्कोअरसुद्धा कळत नाही. राउटरमध्ये डीएनएसच्या दुसऱ्या रकान्यात गुगलचा ८.८.८.८ टाकून ठेवावा, तर फोन मनाला येईल त्याला विचारतात आणि जाहिराती मागच्या दाराने परत. उपाय एकच, दुसरा पाय-होल. म्हणजे अजून एक यंत्र. या नादात 'अजून एक' फार वेळा म्हणावं लागतं.

सध्याचं यंत्र म्हणजे ऑफिसातून निघालेला जुना मिनी पीसी, आठव्या पिढीचा आय-५. नुसता बसून १५ वॉट खातो, म्हणजे महिन्याला जेमतेम ११ युनिट. बिल आलं की सगळे त्याच्याकडेच बघतात. दोन किलोवॉटचा गिझर रोज दहा मिनिटं चालला तरी महिन्याला १० युनिट होतात, पण गिझरकडे कोण बघणार? तो गरम पाणी देतो.

तर, लाइट आल्यावर हा आपोआप उठावा यासाठी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मुळातल्या सेटिंगांत, 'वीज परतल्यावर चालू हो' असं एक सेटिंग असतं. बऱ्याच यंत्रांत ते 'बंदच राहा' वर असतं. ते बदललं की पुढची पायरी डिस्कची. बाहेरची यूएसबी डिस्क एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची, या लिनक्सच्या यादीत) एसडीबी-१ या नावाने लिहिली, तर पुढच्या वेळी ती एसडीसी होऊन बसते, म्हणून तिथे यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांकच लिहावा. शिवाय 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे चल) लिहिलं नाही, तर डिस्क न दिसल्यास लिनक्स दीड मिनिट वाट बघतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. तिथे एसएसएच, म्हणजे दुरून आत शिरायची सोय, नाही. मग सर्व्हरला पडदा हवा म्हणून टीव्हीची एचडीएमआय वायर उपटायची, तीही मालिकेच्या ऐन वेळेला.

'नोफेल' लिहिलं की सगळं गोड वाटतं, आणि खरा घात तिथेच आहे. डिस्क जोडली गेली नाही तरी तिचा फोल्डर असतोच, रिकामा. प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारा डॉकर तो रिकामा फोल्डर आनंदाने कंटेनरला, म्हणजे त्या डब्याला देतो, आणि नव्या फायली आतल्या छोट्या एसएसडीवर साचत जातात. रात्री दोनला फायलींची नक्कल करणारा आरसिंक बॅकअपला येतो. मूळ फोल्डरात त्याला जुनं काहीच दिसत नाही. त्याच्या कमांडीत 'डिलीट' (मुळात नसेल ते बॅकअपमधूनही पूस) असतं, म्हणून तो इमानेइतबारे बॅकअपमधलंही जुनं सगळं पुसतो. कुठे एररची एक ओळ नाही! म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट -क्यू' ने डिस्क जागेवर आहे का ते बघायचं, नसेल तर तिथूनच परत फिरायचं. डिस्क काढलेली असताना रिकाम्या फोल्डरला 'चॅटर +आय' लावलं, तर त्यात कुणाला काही लिहिताच येत नाही. आणि बॅकअप रेस्टिकसारख्या जुन्या प्रती राखणाऱ्या अवजाराने घ्यावा. रेड, म्हणजे दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवणं, हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड दोन्ही डिस्कांवरून तत्परतेने पुसतो.

एवढं टाळायला यूपीएस घ्यायचा. ६०० व्हीएचा, यूएसबीची डेटा वायर असलेला. राउटर आणि फायबरची डबी त्यालाच जोडायची, नाहीतर सर्व्हर जागा आणि नेट आडवं. बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते, ते वेगळं. नट नावाचं सॉफ्टवेअर बॅटरी संपत आली की सर्व्हर रीतसर बंद करतं. आणि इथे शेवटची मेख: सर्व्हर बंद झाला, आणि यूपीएस संपायच्या दोन मिनिटं आधी लाइट आली. सर्व्हरच्या लेखी वीज कधी गेलीच नाही! मग बायोसचं ते सेटिंग जागं कशाला होईल? खरं तर नटने जाता जाता यूपीएसलाही थोडा वेळ बंद व्हायला सांगायचं असतं, पण स्वस्तातले बरेच यूपीएस ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

दसऱ्याला यंत्रांची पूजा करताना कुंकू मी मुद्दाम पॉवरच्या बटणावरच लावतो. ऑफिसातून फोनवर सांगायला सोपं जातं, "आई, कुंकू दिसतंय ना? तिथेच दाब. एकदाच."