तारेवर चिमणी बसते म्हणून ती तार माळढोकाला सुरक्षित होत नाही

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की विजेच्या तारांना धडकून पक्षी मरतात हे उगाच उठवलेलं आहे, पक्षी तर तारांवर मजेत बसतात, त्यांची नजर माणसापेक्षा तेज असते, तारांखाली मेलेले पक्षी कुणाला दिसत नाहीत, मांजरं त्याहून जास्त मारतात, आणि तारा पक्ष्यांना दिसाव्यात म्हणून त्यांवर चकत्या लावणं म्हणजे पैसा पाण्यात. वाचताना पटकन पटतं म्हणूनच काळजी वाटते, म्हणून एकेक घेते.

तारेवर बसतात हे खरंय. दोन्ही पाय एकाच तारेवर असले की अंगातून करंट जात नाही. शॉक बसतो तो मोठ्या पंखांच्या गरुडा-घारींना, पंख एकाच वेळी तारेला आणि खांबाच्या लोखंडाला लागला की. पण तो प्रश्न वेगळा. धडक म्हणजे उडता पक्षी वेगात तारेवर आपटणं, लाईन बंद असली तरी तो मरणारच. आणि बसणारे कोण, तर चिमण्या, वेडे राघू, कोतवाल, सगळे हलके आणि चपळ. माळढोक, सारस, क्रौंच तारेवर बसत नाहीत, धडकून मरण्याचा धोका मात्र त्यांनाच सगळ्यात जास्त.

आता नजर. इथेच सगळ्यांची गल्लत होते, मलाही आधी हे माहीत नव्हतं. नजर तेज आहे, पण ती कुठे आहे ते बघा ना. माळढोकासारख्या पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, आजूबाजूचं खूप दिसतं, समोरचा पट्टा मात्र अरुंद, आणि डोक्याच्या वरच्या बाजूला काहीच दिसत नाही. उडताना खाली जमिनीकडे बघायला मान झुकवली की तो न दिसणारा भाग नेमका पुढे येतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आफ्रिकेतल्या कोरी बस्टर्डची, म्हणजे माळढोकाच्या भाऊबंदाची, आणि निळ्या क्रौंचाची नजर मोजली होती. बस्टर्डने डोकं 25 अंश खाली केलं, क्रौंचाने 35 अंश, की उडायच्या दिशेला तो पूर्ण आंधळा. म्हणजे तार धूसर दिसते असं नाही, दिसतच नाही. त्यात माळढोकाचा नर 15 किलोपर्यंत भरतो, एवढं अंग शेवटच्या क्षणी वळवायचं कसं? आणि ज्यांना तारा दिसतात तेही वाचतातच असं नाही, कारण टॉवरवर सगळ्यात वर विजेपासून बचावासाठी एक बारीक अर्थ वायर असते, पक्षी खालच्या जाड तारा बघून वर चढतो आणि नेमका त्या बारीक तारेत जातो. पहाटे, तिन्हीसांजेला, धुक्यात तर विचारूच नका, आणि क्रौंचांची राहायच्या जागेवरून चरायला जायची-यायची वेळ तीच.

मेलेले दिसत नाहीत म्हणाल तर कोल्हे-कुत्रे ठेवतात का काही? काही गवतात पडतात, काही जखमी होऊन लांब जाऊन मरतात. म्हणून अभ्यास करणारे आधी मोजून काही मृत पक्षी तारेखाली ठेवून त्यातले किती गायब होतात आणि शोधणाऱ्याला किती सापडतात ते मोजतात आणि मग हिशोब लावतात. थरच्या वाळवंटात साधारण 4,200 चौरस किलोमीटरमध्ये वर्षाला 80 हजारांहून जास्त पक्षी तारांमुळे मरतात असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे.

मांजरांचं खरंय, आकडा खूप मोठा आहे. पण मांजर सारस मारत नाही. माळढोक शक्यतो एका वेळी एकच अंडं घालतो आणि आता हे पक्षी उरलेत दीडशेच्या आसपास, तेही बहुतेक राजस्थानात. तिथे एक मादी गेली की काय होतं ते आकड्यांच्या तुलनेत कळत नाही.

चकत्यांबद्दल मात्र मेसेजवाल्याचं थोडं बरोबर आहे, आणि ते मान्य करायलाच हवं. दक्षिण आफ्रिकेत कारूच्या माळावर मोठा प्रयोग झाला, चकत्या लावल्यावर निळ्या क्रौंचांच्या धडका 92 टक्क्यांनी कमी झाल्या, बस्टर्डच्या मात्र कमी झाल्याच नाहीत. जो पुढे बघतच नाही त्याला चकती कशी दिसणार! पण म्हणून पैसा पाण्यात गेला असं नाही, क्रौंच वाचले ना. अमेरिकेत प्लॅट नदीवर तारांवर अतिनील दिवे सोडले तेव्हा रात्रीच्या क्रौंचांच्या धडका 98 टक्क्यांनी घटल्या. माळढोकाच्या भागात मात्र तारा जमिनीखाली घालणं किंवा लाईनच दुसरीकडून नेणं हाच भरवशाचा मार्ग. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये भूमिगत तारांचा आदेश दिला होता, 2024 मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण जास्त व्होल्टेजच्या लाईनला ते खर्चिकही आहे आणि तांत्रिकदृष्ट्या अवघडही. ही अडचण खरी आहे, पण नवीन लाईन नकाशावर असतानाच तळ्याच्या आणि चराईच्या मधून न नेणं याला त्यामानाने किती कमी लागतं.

आणि तारेखाली मेलेला पक्षी दिसलाच तर हात लावू नका, फोटो काढा, जवळच्या खांबाचा किंवा टॉवरचा नंबर टिपा आणि वनखात्याला कळवा. नंबर महत्त्वाचा, कोणत्या दोन टॉवरच्या मध्ये पक्षी मरतायत ते त्यावरूनच कळतं.