बाबानं आणाले पाठवलं तं?

२ जानेवारी १९६१ ला महाराष्ट्र पोलिसांना त्यांचा ध्वज मिळाला. म्हणून दरवर्षी त्या आठवड्यात रेझिंग डे असतो आणि पोलीस शाळाशाळांत जातात. यंदा आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतही आले. पहिली ते पाचवी, बेचाळीस पोट्टे, दोन शिक्षक. शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य म्हणून मी मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर.

आधी महिला शिपायानं गुड टच-बॅड टच सांगितलं, ११२ आणि पोरांच्या मदतीचा १०९८ हे नंबर पोरांकडून घोकून घेतले. झकास सांगितलं, खरंच. मग हवालदार नशेवर आले. "अनोळखी माणसानं गोळी देली, पुडी देली, तं काय म्हणाचं?"

"नाहीऽऽऽ!" छताचे टिन हादरले.

तिसरीतल्या एकानं हात वर केला. "सर, बाबानं खर्रा आणाले पाठवलं तं?"

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू अन् चुना घोटून केलेली पुडी. सगळे हसले. मी जरा कमीच हसलो, कारण चौथीतल्या माझ्या पोरीनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. "बाबाचा द्या, चुना कमी" हे ठेलेवाल्याला कसं सांगायचं, ते तिला पाढ्यांच्या आधीपासून पाठ आहे.

हवालदार थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तीन बोटं जोडा, उभी धरा, तोंडात टाका." बेचाळीस तोंडात तीन-तीन बोटं गेली. त्यांनी स्वतःची टाकायला घेतली, दोनवर अडकली. "पंधरा वर्षं खर्रा खाल्ला. आता भाजीत मिरची पडली का तोंडाची आग होते, जांभई पुरती येत नाही." वर्गात एकही पोट्टं हललं नाही. त्या दिवशीचा खरा धडा तेवढाच झाला.

पोलिसांनी पोरांना नशेबद्दल शिकवायचं ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये १९८३ ला 'डेअर' सुरू झालं, वर्दीतला पोलीस वर्गात जाऊन 'नाही म्हणा' शिकवायचा. देशभर पसरलं. पुढं तपासण्या झाल्या, तर धडा घेतलेल्या अन् न घेतलेल्या पोरांत फारसा फरकच दिसेना. शेवटी अभ्यासक्रम बदलावा लागला. तिथं काही पोरांनी आईबापाच्या नशेची गोष्ट वर्गातल्या पोलिसाला सांगितली आणि आईबाप अटकेत गेले, असंही झालं. ते आपल्याकडं नको रे बावा. आमच्या वर्गातल्या एकाची आजी मोहाची दारू काढते, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. उद्या त्याच्या तोंडून निघालं अन् जीप दारात आली, तर ते पोट्टं शाळेत पुन्हा तोंड उघडंल का?

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडं पुडी अनोळखी माणूस देत नाही. मोठे देतात, नाहीतर आणायला लावतात. आठ वर्षांच्या पोरानं बापाला 'नाही' म्हणायचं, ही अपेक्षाच उफराटी आहे. तान्ह्या पोळ्याला, मारबतीच्या पुतळ्यासोबत गावची पीडा बाहेर काढताना, हेच पोट्टे "खर्रा घेऊन जाऽ गे मारबत" ओरडतात आणि दिवेलागणीला दहाची नोट मुठीत धरून ठेल्यावर उभे असतात.

'नाही' म्हणायची तालीम ठेलेवाल्याला द्या की. कायदा आहेच. २००३ च्या तंबाखू कायद्यात १८ वर्षांखालच्याला विकायचं नाही, शाळेपासून १०० यार्डांत ठेलाच नको. दंड मात्र २०० रुपयांपर्यंत, म्हणून कोणी मोजत नाही. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ वाचा: लहान पोराच्या हाती तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. आमच्या शाळेच्या फाटकापासून पानठेला साठ पावलांवर आहे, मी मोजलीत. त्या दिवशी जीप त्याच्यासमोरून गेली, थांबली नाही. जेलात टाका म्हणत नाही. उतरून पाच मिनिटं समजावलं असतं तरी पुष्कळ होतं. आणि संध्याकाळी त्याच हवालदारानं पारावर बसून आम्हा बाप्यांना तीन बोटं टाकायला लावली असती, तर मी पहिला बसलो असतो.

घरी आरशासमोर टाकून पाहिली. तिसरं बोट जातं, पण गाल ताणला जातो.

खर्रा सुटला नाही अजून. फक्त आणायला मी स्वतः जातो. परवा ठेलेवाल्यानं पन्नी घोटता घोटता विचारलं, "काहून भाऊ, पोरगी दिसत नाही आजकाल?"