गिळला म्हणजे मेला?

सिन्नरच्या आमच्या मामांना व्हॉट्सअॅपवर एक मेसेज आला आणि त्यांनी नुकत्याच व्यायलेल्या गायीच्या सडात औषधाची ट्यूब भरणं अर्ध्यावर सोडलं. एरवी असल्या मेसेजच्या नादी कोण लागतं?

मेसेज असा: देशी गायीच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, गिळलेला जंतू मरतोच, म्हणून दगडीला, म्हणजे कासेच्या सुजेला, औषध नको. संकरित गायीत या पेशीच नसतात. आणि धारोष्ण दूध प्यायलं की त्याच पेशी आपल्या अंगात काम करतात.

पेशी जंतू गिळतात, हे खरं. त्यावरच मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाला 1908 चं नोबेल मिळालं. न्यूट्रोफिल ही एक प्रकारची पांढरी पेशी जंतूला वेढून आत कोंडते आणि त्याच्यावर हायपोक्लोरस आम्ल सोडते. पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकल्यावर जंतू मारतं तेच.

घोळ त्या ‘मरतोच’मध्ये आहे. दगडीतला स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू गिळला गेल्यावरही पेशीत जिवंत राहू शकतो, पेशी मेली की पुन्हा बाहेर. शिवाय कासेत उतरलेल्या न्यूट्रोफिल रक्तातल्यांपेक्षा दुबळ्या, कारण त्या दुधातली चरबी आणि केसीनच गिळत बसतात. व्यायच्या आगेमागे तर त्यांची ताकद आणखी घटते. मामा, तुमची गाय नेमकी त्याच दिवसांत आहे. कोरफड-हळद-चुन्याचा लेप खुशाल लावा, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही तो सांगतं. पण डॉक्टरांनी दिलेल्या ट्यूब पूर्ण भरा आणि सांगितलेले दिवस ते दूध डेअरीला घालू नका.

संकरित गायीत पेशी नसतात म्हणे! ज्या विदेशी जातीशी संकर करतात त्या होल्स्टीनमध्ये ‘ब्लॅड’ नावाचा आनुवंशिक दोष सापडला; त्याचं मूळ 1992 च्या एका शोधनिबंधाने सीडी18 या जनुकातल्या बारीकशा बदलात दाखवलं. अशा वासरांच्या रक्तात न्यूट्रोफिल भरपूर, पण त्या रक्तवाहिनीतून बाहेर पडून जंतूपर्यंत पोचतच नाहीत. वासरं लहानपणीच दगावतात. म्हणजे बाकीच्या होल्स्टीन धडधाकट राहतात त्या याच पेशींच्या जिवावर. ‘बघा, संकरितच!’ म्हणणाऱ्यांसाठी: दोष आई-बाप दोघांकडून आला तरच वासरू आजारी पडतं, आणि रेतनाचे वळू त्यासाठी तपासतात.

राहिलं धारोष्ण दूध. त्यातल्या पेशी आपल्या पोटात पचून जातात, अंगात कामाला लागत नाहीत. ब्रुसेला आणि गायीच्या क्षयाचे जंतू मात्र याच गिळणाऱ्या पेशींमध्ये बिऱ्हाड करतात आणि कच्च्या दुधातून माणसात येतात. गाय डांगी असो की गीर, दूध उकळूनच प्या.