किल्ली कोणाच्या खिशात?

चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या कोळसा खाणीत कोणाचा हात कोळसा वाहणाऱ्या कन्व्हेयर बेल्टमध्ये गेला, की आपल्याकडे चर्चा होते ती भरपाई किती आणि घरातल्या कोणाला नोकरी, याचीच. जोडीला 'कामगाराचा हलगर्जीपणा' असतोच. भरपाई मिळालीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण इथे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या खाणपट्ट्यात बसून त्या बातम्या वाचताना राग येतो तो याचा, की थांबलेला बेल्ट परत सुरू कोण करू शकत होतं, हे कोणी विचारतच नाही.

टेल पुलीखाली, म्हणजे बेल्टच्या शेपटाकडच्या चाकाखाली, साचलेला कोळसा काढायचं काम घ्या. हेल्पर पुल कॉर्ड, म्हणजे बेल्टच्या कडेने गेलेली थांबवायची दोरी, ओढतो, बेल्ट थांबतो, तो फावडं घेऊन आत शिरतो. पण पुल कॉर्डने फक्त कंट्रोल सर्किट, म्हणजे सुरू-बंदचा आदेश देणारी जोडणी, तुटतं. मोटरला वीज देणारा मुख्य स्विच, म्हणजे ब्रेकर, चालूच असतो. कोणी स्विच रीसेट करून स्टार्ट दिला, की बेल्ट पळतो. वेग सेकंदाला 3 मीटर धरा. हात मागे घ्यायचं सुचायलाच सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. तेवढ्यात बेल्ट 60 सेंटिमीटर सरकलेला असतो, म्हणजे हात जवळजवळ खांद्यापर्यंत आत. हातमोजा इथे वाचवत नाही, उलट तोच आधी अडकतो.

इकडे ब्रेकर बंद करून त्यावर प्रत्येक जण स्वतःचं कुलूप लावतो. पाच जण कामावर, तर पाच कुलपं, आणि किल्ली ज्याची त्याच्या खिशात. मग स्टार्ट दाबून बघायचं. बेल्ट हलला तर ब्रेकर भलताच बंद केलाय. एवढ्यानेही भागत नाही. टेक-अपचं, म्हणजे बेल्ट ताणून धरणारं, वजन लटकत असलं तर बेल्टमध्ये ताण उरतो, आणि अडकलेला दगड निघताच वीज नसतानाही झटका बसतो. म्हणून वजन जखडायचं, बेल्टला क्लॅम्प मारायचा.

डंपरचा डाला (मागचा हौदा) उचलून खाली काम असेल तर सेफ्टी पिन हवीच, नुसत्या जॅकवर भरवसा नाही. दाबाचं तेल नेणाऱ्या रबरी नळीची, म्हणजे होजची, बारीक गळती पुठ्ठ्याने शोधायची, हाताने कधीच नाही. दाबाखालचं तेल कातडीत घुसलं तर खूण टाचणीएवढी दिसते, पण शस्त्रक्रियेला उशीर झाला की बोट जातं, कधी हातही.

नियम आपल्याकडेही आहेत. 2017 च्या कोल माइन्स रेग्युलेशन्समध्ये सेफ्टी मॅनेजमेंट प्लॅनची, म्हणजे धोके आधी ओळखून आखलेल्या आराखड्याची, सक्ती आली. शिवाय शटडाउन परमिट, म्हणजे यंत्र बंद ठेवून काम करायची लेखी परवानगी, असतं आणि खाणीची सुरक्षा समिती, म्हणजे पिट सेफ्टी कमिटी, असते. पण परमिटवर सही वरच्याची आणि बेल्टखाली कंत्राटी हेल्पर, असं असेल तर त्या कागदाने त्याचा हात वाचत नाही.

इकडेही माणसं मरतात. क्वीन्सलँडच्या खाणींत 2000 ते 2019 मध्ये झालेल्या 47 मृत्यूंचा अहवाल 2020 मध्ये आला. त्याने दैवाला बोल न लावता प्रशिक्षण आणि देखरेख कुठे तोकडी पडली, ते दाखवलं.

युनियनने भरपाईसोबत हेही मागावं: प्रत्येक कंत्राटी माणसाला स्वतःचं कुलूप, आणि ते निविदेच्या अटीतच. शिफ्ट संपून कुलूप राहिलं, तर त्या माणसाशी बोलून तो बाहेर असल्याची खात्री होईपर्यंत ते कोणी तोडायचं नाही.